उंबऱ्यावरनं माघारी

आये,

मुंबईहून दर्शनाचा वाकून नमस्कार.

आपल्या गावात, कुडपणात, पोरांचे गाल लाल झालेले, दादाच्या ओमला मात्र नुसता ताप. तरी तू घरात आजार हाय म्हणून दाराला कडुलिंबाची डहाळी खोवून पोटुशी लेकीला उंबऱ्यावरनंच माघारी धाडलंस. एसटीत मी पोलादपूरपर्यंत रडले.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा पार्वो नावाचा बारकासा विषाणू. गाल लाल व्हायच्या आधी, तापातच पसरतो. पोटातल्या बाळाचं रक्त कमी करतो. तुमच्या आईनं राखलं तुम्हाला."

माझा रिपोर्ट चांगला हाय. सोनोग्राफी परत करायचीय, ती नुसती खात्रीसाठी. तू घोर लावून घेऊ नको गो.

ओम खेळायला लागला का? तुझा गुडघा?

त्या दिवशी मला जवळ घेतलं नायस. आता बाळाला घेऊन येईन, तेव्हा दोघांना एकदम घे.

पोटातल्यासकट तुझीच,
दर्शना