बोटीवर गेलेले मूळ कागद

स्टॉकटन, कॅलिफोर्निया
शनिवार, ३ मे

आदरणीय फेलिसिदाद मावशी,

तुझा उजवा हात मी कपाळाला लावला आहे असं समज आणि आशीर्वाद दे. नेस्तोर काकांच्या हाताचंही तसंच समज. तुझा गुडघा कसा आहे? काकांची साखर किती? जोएमार आणि क्रिस्तेल अभ्यास करतात, की नुसतेच फोन बघत बसतात? लिपाला आता उकाडा वाढला असेल. आम्ही दोघं बरे आहोत. लोलाचा, म्हणजे माझ्या आजीचा आणि तुझ्या आईचा, रक्तदाब सकाळी एकशे अठ्ठावीस होता (दुपारी पुन्हा मोजायला गेलो तर तिने यंत्र तांदळाच्या डब्यात लपवलं). माझी आई अजून अलास्कातल्या इस्पितळातच नोकरीला आहे, नाताळला येते म्हणाली.

आता मुद्दा. मावशी, बसून वाच. तुझा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा दाखला आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले, असे जे मूळ कागद तू मार्चमध्ये मला रजिस्टर पोस्टाने पाठवलेस, ते या क्षणी प्रशांत महासागरात आहेत. बुडालेले नाहीत. बोटीवर आहेत. काकांना हे वाक्य शेवटपर्यंत वाचून दाखव, अर्ध्यावर थांबू नकोस.

झालं असं. तुला अमेरिकेत कायमचं आणण्यासाठी लोलाने केलेल्या अर्जाला बावीस वर्षं झाली. तेव्हा जोएमार जन्मलाही नव्हता. अर्ज त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि खरं तर त्याने अर्जाला दादा म्हणायला हवं. आता तुमचा नंबर लागला आणि कागद मागवले गेले, तेव्हा घरात लोला आणि मी दोघंच असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मी दहावीपुढे शिकलो नाही, अक्रोडाच्या गोदामात पेट्यांवर चिठ्ठ्या लावतो, पण गेल्या चार वर्षांत एकही पेटी चुकीच्या गावाला गेलेली नाही. सरकारी कागद म्हणजे मूळच हवेत, अशी माझी ठाम समजूत होती. म्हणून तुला तसं लिहिलं (दोनदा, आणि दुसऱ्यांदा लाल शाईने). कागद आले. मी वाचनालयात जाऊन त्यांच्या प्रतींचे तीन संच काढले, फोनमध्ये फोटो घेतले आणि मूळ कागद खाकी पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. रोज कामावरून आलो की खण उघडून बघायचं, असा नेम ठेवला.

त्यात लोला तुम्हाला बोटीने भेटवस्तू पाठवते तो खोका. तुला तो फक्त आल्यावर दिसतो, भरताना कसा भरतात ते तू पाहिलेलं नाहीस. लोलाचा नियम असा की बोटीचं भाडं अख्ख्या खोक्याचं भरतो, तेव्हा त्यात हवेसाठी जागा नाही. मांसाच्या टिनच्या डब्यांच्या फटींत साबण, साबणांमध्ये मोजे, मोज्यांत चॉकलेटं. मग शेजारची दितास ताई वर बसते (तिला त्यासाठीच बोलावतात आणि त्याबद्दल तिला कॉफी मिळते), लोला चिकटपट्टी ओढते आणि मी चारही बाजूंना तुमचा पत्ता लिहितो. मागच्या आठवड्यात गुरुवारी मी कामावर असताना गाडी येऊन खोका घेऊन गेली. मी घरी आलो, खण उघडला. खण रिकामा.

लोला शांतपणे पालक निवडत होती. म्हणाली, “खाकी पाकीट होय? ते गेलं की खोक्यात. निळ्या टॉवेलशेजारी फट होती, त्यात नेमकं बसलं.”

मावशी, मी खाली बसलो. खुर्ची तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून खोके नेणाऱ्यांच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस आपल्या फिलिपिन्सचाच, इलोइलोचा, तोंडात चिंचेची गोळी. मी म्हणालो, माझा खोका परत काढा. तो म्हणाला, ओळखायचा कसा? मी सांगितलं की त्याच्यावर ‘सांभाळून’ असं तीनदा लिहिलं आहे. तो मला हाताला धरून मागच्या आवारात घेऊन गेला. तिथे दोनशे खोके होते आणि प्रत्येकावर ‘सांभाळून’ लिहिलेलं होतं, काहींवर तर पाचदा. “आणि भावा, हे पुढच्या बोटीचे,” तो म्हणाला. “तुझा काल गेला. आता कॅप्टनच्या आजीचं पाकीट असतं तरी बोट वळत नाही.” मग त्याने मलाही एक गोळी दिली. माणूस वाईट नव्हता.

शनिवारी चर्चच्या सभागृहात वकीलबाई ओकाम्पो बसतात, फुकट सल्ला देतात. लोला नूडल्सचं मोठं भांडं घेऊन माझ्याबरोबर आली (सल्ला फुकट असला तरी रिकाम्या हाताने जायचं नाही). आमचा नंबर आल्यावर मी तोंड उघडण्याआधीच लोलाने बाईंना धारेवर धरलं. नातवंडांसाठी वेगळा अर्ज का नाही म्हणून. बाई म्हणाल्या, “आजीला नातवंडांसाठी थेट अर्ज करताच येत नाही. तुम्ही मुलीसाठी केलात, मुलं आईचं बोट धरून येतात. फक्त वय बसायला हवं, ते मी तपासलंय, बसतं. आणि लग्न झालेलं नको.”

“म्हणजे मी खोके पाठवून वाढवलेली पोरं माझी नाहीत?”

“कायद्याने नाहीत.”

“हा कायदा करणाऱ्याला आजी नव्हती,” लोला म्हणाली. बाईंनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावरून, लोलाने सांगितलेली मुलांची संख्या, अकरा, ही खरी आहे का ते विचारलं. लोलाने जन्म दिलेली चार, बाकीची चर्चमध्ये बाप्तिस्म्याला धर्माची आई होऊन मिळालेली, आणि एक म्हणजे दितास ताई. बाईंनी सात खोडली. प्रत्येक खोडताना लोला त्या मुलाचं नाव मोठ्याने घेऊन क्षमा मागत होती. मग ती रागाने उठली आणि रांगेतल्या लोकांना नूडल्स वाढायला गेली.

तेव्हा मी बाईंना खाकी पाकिटाबद्दल सांगितलं. बाईंनी विचारलं, प्रती आहेत? मी म्हणालो, आहेत, तीन संच, शिवाय फोटो; पण प्रती म्हणजे कागद नव्हेत. बाईंनी नूडल्स वाढणाऱ्या लोलाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “रुएल, पाठवायच्या असतात त्या प्रतीच. संगणकावरून. मूळ कागद तुझ्या मावशीने मनिलाला मुलाखतीच्या दिवशी हातात घेऊन जायचे असतात. ते तू इथे मागवलेस कशाला?”

म्हणजे मावशी, पाकीट जिथे असायला हवं होतं तिथेच होतं, तुझ्या कपाटात. मीच ते अर्ध्या जगाला वळसा घालून आणवलं, आणि ते आता आपल्या पायांनी घरी निघालं आहे. त्या दुपारी मी सगळ्या प्रती चढवल्या. आज सकाळी पोचपावती आली: सर्व कागद पूर्ण, मुलाखतीच्या तारखेची वाट पाहा. मी ती पावती लोलाला वाचून दाखवली तर तिने मला ओट्यापासून दारापर्यंत नाचवलं. दितास ताई कशाबद्दल आहे ते न विचारताच नाचात शिरली.

तेव्हा कृपा करून एवढं कर. खोका जूनअखेर येईल. तुमच्याकडे खोका आला की गल्ली जमते आणि तासाभरात साबणसुद्धा उरत नाही, हे मला माहीत आहे. या वेळी आधी एकटीने उघड, निळ्या टॉवेलच्या डाव्या बाजूला बघ, पाकीट ताब्यात घे आणि मगच गल्लीला आत घे. जोएमारला सांग की त्याची मैत्रीण मला फोटोत फार आवडली, तिला माझा नमस्कार, पण विमानातून इथे उतरून शिक्का बसेपर्यंत त्याने लग्न करायचं नाही, चोरून तर मुळीच नाही. तिकडच्या पाद्रीबाबांनाही तसं सांगून ठेव. क्रिस्तेल सोळाची आहे. तरीही तिलाही सांग.

तुम्हा सर्वांची वाट पाहणारा,
तुझा भाचा,
रुएल

ता.क. मूळ कागद मागवण्याची चूक माझी होती, हे लोलाला कळवू नकोस. तिला वाटतं चूक तिचीच. त्या अपराधीपणातून ती रोज मला माशाचा मधला तुकडा देते आणि मी बोलून दाखवत नाही. हे बरोबर नाही, हे मला कळतं. पण मासा फार चांगला असतो.

ता.क. २. पलंग मापून ठेवले आहेत. जोएमारची उंची पायांपासून डोक्यापर्यंत लिहून पाठव, केस धरू नयेत.

ता.क. ३. लेकी, हे मी लिहितेय, तुझी आई. पोराने पत्र चार वेळा वाचून माझ्याकडे दिलं, चिकटवण्याआधी तुझ्यासाठी मुका त्यात ठेवायला, माझा चष्मा हरवलाय या भरवशावर. तो दारामागे चप्पल शोधतोय. ऐक. पाकीट मी मुद्दाम घातलं. मूळ कागद तुझ्याकडेच लागतात, हे मी वकीलबाईंना आधीच्या शनिवारीच विचारून आले होते, आणि त्यांनी त्याच्यासमोर हसू दाबून धरलं म्हणून त्यांना नूडल्सचं मोठं भांडं. त्याला सांगितलं असतं तर तो कागद पोस्टाने पाठवून मोकळा झाला नसता, रोज पोस्टात जाऊन बसला असता. बोटीपुढे कुणाचं चालत नाही, म्हणून बोट. मासा मी त्याला देते कारण काळजीने त्याची हाडं दिसायला लागलीत.

माझं मी बघते, मला तुमची गरज म्हणून बोलवत नाही. हा पोरगा गॅस चारदा बंद करून बघतो, दाराला पाचदा हात लावतो. घरात दोनच माणसं असली की माणूस कड्या मोजतो. मनिलाच्या साहेबाने विचारलं, तिकडे जाऊन काय करणार, तर खरं सांग: गोंधळ. आमच्याकडे तो फार कमी पडतो.