ताईचे सहा पाइन

४ एप्रिल
आले बाई एकदाची स्वतःच्या घरात! बाबांनी जमिनीचे दोन भाग केले. एकात ताई वीस वर्षं राहतेय, दुसऱ्यात आजपासून मी. माझ्या वाट्याला पाइनची पाच झाडं, तिच्या सहा. असू दे. ताईनं स्वतः शिवलेले पडदे आणले. टाके सरळ, नेहमीसारखे.

११ एप्रिल
माझ्या दोन पाइनांचे शेंडे तांबूस पडलेत. बुंध्याशी कॉफीच्या भुकटीसारखा भुसा, सालीवर डिंकाच्या गाठी. झाडांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं साल सोलून दाखवली: आत तांदळाच्या दाण्याएवढे काळे भुंगेरे आणि नागमोडी बोगदे. ही दोन गेलीच, म्हणाला. तोडा, ओंडके सोलून साल जाळा, बाकीच्यांना भरपूर पाणी द्या; तहानलेलं झाड भुंगेरे बरोबर हेरतात.
ताईची झाडं ठणठणीत. तिनं प्रत्येकावर वासाची पुडी टांगलीये. त्या वासानं भुंगेऱ्यांना वाटतं, इथे आधीच गर्दी आहे. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, "अगं, लावणार होते तुझ्याही झाडांना. पण फोनवर तूच म्हणालीस ना, माझ्या वाटणीत ढवळाढवळ नको!"
म्हणाले होते खरं. म्हणून जास्तच झोंबलं.

१९ एप्रिल
दोन्ही झाडं तोडली. येणारा-जाणारा ताईच्या झाडांचं कौतुक करतो. आईही असंच करायची: थोरलीकडून शीक जरा. आज ताई बाजारात गेल्यावर शिडी लावून तिच्या सहाही पुड्या काढल्या आणि माझ्या तीन झाडांवर दोन-दोन टांगल्या. ओंडके सोलले नाहीत, साल जाळली नाही. तिच्या कुंपणाला टेकवून ठेवले.

२ मे
तिच्या पाइनांवर डिंकाच्या गाठी. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

९ मे
ताई खंगलीये. तांब्यामागून तांब्या पाणी पिते, तहान भागत नाही म्हणते. ती उठली तेव्हा खुर्चीवर बारीक तांबूस भुसा होता. मी फडक्यानं पुसला.

१२ मे
तिच्या मानेवर टाचणीएवढी भोकं. कडेनं चिकट, पिवळं. दवाखान्यात नेलं, उष्णतेचे फोड म्हणाले. ती गप्प बसली की आतून कुरकुर ऐकू येते —

१४ मे
पुड्या परत नेऊन दिल्या. सगळं सांगितलं, पाय धरले. ती हसली. म्हणाली, "माहीत होतं गं. शिडी माझीच नेलीस ना! म्हटलं, तुझी तरी तीन वाचू देत."
रागावलीसुद्धा नाही. तिथेही माझ्याहून मोठी. त्याचाच राग येतो — देवा, अजूनही —

१५ मे, दुपार
ताई अंगणात उभी होती. हलेना. धावत जाऊन हात धरला — कातडी सालीसारखी सुटून माझ्या मुठीत — आत रक्त नाही. बोगदे. नुसते बोगदे — आणि त्यांची नक्षी इतकी रेखीव, इतकी सुंदर — तिलाच का? सगळं तिलाच का —
घरात पळाले. दार लावलं नाही. का नाही लावलं —
उंबऱ्यात उभी आहे. हात पुढे केलाय. लहानपणी खाऊ द्यायची तसा. विचारते, तुलाही हवंय ना? आणि मी — मी हो म्हण