माशासाठी वर केलेला हात

ब्रिजटाऊन, शुक्रवार, १९ जून

सकाळी सव्वाआठची बस. नऊ ते बारा बिस्किट कंपनीची वार्षिक सभा. एकला घरी. पाऊस नाही.

आदरणीय आयोना वन्सं, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? टोरांटोत आता ऊन पडत असेल, रोज थोडं चालत जा. मी बरी आहे. ऑस्बर्न जाऊन रविवारी पाच महिने होतील.

त्यांच्या शेअर्सबद्दल लिहायचं आहे. ते म्हणायचे, "मंदी येऊ दे, माणूस केक सोडेल, बिस्किट नाही सोडणार." (हे ते केक खाता खाता म्हणायचे.) पण कंपनीची बिस्किटं घेणारी हॉटेलं ओस पडली आणि दोन हजार डॉलरचा लाभांश गेल्या वर्षी सहाशेवर आला. शेअर्समध्ये अडकलेले पैसे पतपेढीत मुदत ठेवीत असते तर वर्षाला नऊशे ठरलेले. जास्त नाहीत, पण हॉटेलं भरोत की न भरोत, हातात पडणारे. माझ्या पेन्शनमध्ये विजेचं बिल आणि छपराची दुरुस्ती दोन्ही बसत नाही. म्हणून या वेळी सभेत उभं राहून लाभांश वाढवा असं सांगायचं मी ठरवलं होतं. (मी! जिने चर्चमध्ये कधी दोन ओळी वाचून दाखवल्या नाहीत.)

सभेला नेहमीसारखी गर्दी होती, कारण नेहमीसारखी जेवणाची खोकी होती. अध्यक्षांचं भाषण लांबलं, तशी वाढपी बाई रांगांमधून हळूच विचारत आली, "मासा कुणाला? हात वर करा." मी केला. नेमकं त्याच वेळी अध्यक्षांनी यंदा लाभांश न देण्याच्या ठरावाला अनुमोदक मागितला होता. (अंत्यविधीला आले होते, त्यामुळे ते मला ओळखतात.) "अनुमोदन, मिसेस गिटन्स," असं म्हणून त्यांनी ते लिहूनही घेतलं.

शेजारी बसलेले निवृत्त मास्तर ऑलसॉप वळले. "अहो बाई, आमच्या पोटावर पाय दिलात की!"

"मी फक्त मासा मागितला हो."

"मग आता तोच वर्षभर पुरवून खा!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ऑस्बर्न असता तर टेबल उलथवलं असतं!" ते खरं आहे. मी खुलासा करायला उभी राहिले, तर लोकांना वाटलं सभा संपली, आणि सगळे खोक्यांकडे धावले.

तेव्हा वन्सं, आता ठेवच बरी. विक्रीचा फॉर्म सोबत आहे. मृत्युपत्राप्रमाणे आपल्या दोघींच्या सह्या लागतात. माझी केली आहे. वादळं यायच्या आत छप्पर व्हायला हवं, म्हणून उशीर करू नका.

तुमची भावजय,
वेल्मा

ता. क. फॉर्मवर किती शेअर विकायचे तो आकडा मी भरलेला नाही. तो तुम्ही भरा, पण दहा राहू द्या. दहांचा लाभांश मिळाला तरी बसभाड्याला पुरायचा नाही, हे मला कळतं.

आणखी एक. कंपनीच्या यादीत नाव अजून बदललेलं नाही. पाकिटावर "मिस्टर ऑस्बर्न गिटन्स" असं टाइप केलेलं असतं. त्या नावाने घरी आता दुसरं काही येत नाही.

शाई वाळतेय तोवर दोरीवरचे कपडे काढून आणते.