कनातीबाहेरचे प्रेक्षक

सर,

काल आपल्या कॉलेजच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना झाला आणि मध्यंतरालाच भोवतीची कनात वर गुंडाळावी लागली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ही बातमी तुम्हालाच सांगावीशी वाटते. घरात सांगून पाहिली, सगळे म्हणाले, "कापडच ना ते?"

तुमच्याकडे जिमखाना का दिला होता, हे आम्हा विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. संस्कृतच्या वर्गात आम्ही जेमतेम तिघे, म्हणजे तुम्ही रिकामे, असा प्राचार्यांचा समज. धोतर सावरत तुम्ही मैदानाच्या कडेला उभे राहता आणि पंचाची शिट्टी वाजली की दचकता, हे मला अजून दिसतं. पण पहिल्याच वर्षी तुम्ही सामन्याची वेळ तीनवरून पाचवर नेलीत, कारण गावातल्या बायका भाजी विकून तोवर घरी पोचत. चिंचेखाली पाण्याचे माठ ठेवलेत. घरची सतरंजी आणून अंथरलीत. ती तुमच्या लग्नातली होती, हे काकूंनी नंतर जरा तिखट आवाजात आम्हाला सांगितलं. मी तेव्हा शहाणपणा करून म्हणालो, "सर, भोवती कनात लावून तिकीट ठेवू. खर्च तरी निघेल." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बघायला येतो तो पाहुणा की गिऱ्हाईक, हे आधी ठरव. मग कापड आण." मी कापड आणलं नाही.

ते आणलं संस्थेच्या नव्या अध्यक्षांनी. वालीवला त्यांचा कारखाना आहे. माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या घाईचा. कनात, खुर्च्या, तिकीट, सगळं एका बैठकीत ठरलं. जिमखाना आता माझ्याकडे आहे. मी घसा खाकरून एवढंच बोललो की खुर्च्या पुसून आणाव्यात.

काल फाटकात आपल्या कर्णधाराची आई उभी, खाडीकडच्या गावची. पोराचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. म्हणाली, "सर, पोरगा माजा, मैदान गावाचं, नि तिकीट कोनाचं?"

"तुमचं मी काढतो," मी म्हणालो.

"नि ह्या सगल्यांचं?" मागे गावातल्या बायकांचा घोळका. मी खिसा चाचपला. त्या सगळ्या कनातीला पाठ टेकून बाहेरच बसल्या. आत टाळ्या पडल्या की कर्णधाराची आई कापडाला विचारते, "कोन बाद झाला?" आणि आतून कुणीतरी ओरडून सांगतं. मला तो सामना सोसवेना. मैदान एकदा असं मिटलं की पुन्हा उघडायचं नाही, आणि मिटलं ते माझ्या कारकिर्दीत, ही धास्ती होती.

पण कनातीने समुद्राकडचा वाराही अडवला होता. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात धूळ. पुढच्या रांगेतले पाहुणे निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होते. अध्यक्षांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, खेळ बघायला बोलावलंत की उकडायला?" मध्यंतराला अध्यक्षांनीच फर्मावलं, "ती कनात उचला रे." मंडपवाल्याच्या आधी मी पोचलो. या वयात इतक्या चपळाईने मी फक्त जेवायला उठतो.

कनात उठली आणि बायका आत आल्या. तिकीट तपासणारा आधी आभाळाकडे बघू लागला, मग त्यांना जागा दाखवू लागला. खुर्च्यांच्या पुढे, मातीत, रेषेला लागून त्या बसल्या. कर्णधाराची आई मला म्हणाली, "सर, जरा सरका. पोरगा दिसत नाय." अध्यक्ष रुमालाने मान पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी कनात नकोच. तिकीटही राहू दे, एवढ्या मोकळ्यावर घेणार कुणाकडून?" मी गंभीरपणे मान हलवली, जणू विचार करून सांगतो.

मग मी सरकलो, सर, आणि उरलेला सामना पाहिलाच नाही. कनातीची दोरी हातात धरून त्या बायकांचे चेहरेच बघत राहिलो. छाती इतकी हलकी झाली होती की गुणफलकाकडे मान वळवायचंही सुचलं नाही. आपण जिंकलो, हे आज सकाळी मला शिपायाने सांगितलं. जिमखानाप्रमुखाने असलं काही लिहून टपालात टाकायचं नसतं. शिवाय तुमचा पत्ता आता कुठला घालणार? म्हणून हे इथेच, टेबलाच्या खणात.