सरकवलेली रेघ

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पोचलो. खोली बरी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावरचे पाइप मी आत्तापर्यंत दोनदा मोजलेत. सरांनी आल्या आल्या सगळ्यांचे फोन कुलपात टाकले. ट्रेनिंगचे दहा आठवडे फोन नाही, म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊन कुणी खऱ्या शेअरबाजारात उतरून हात पोळून घेणार नाही. म्हणून हे पत्र. फोनबरोबर खोडरबरंही जमा केली. का, ते अजून सांगितलेलं नाही.

शिकवायची तऱ्हा मजेशीर आहे. एखाद्या शेअरच्या भावाचा जुना चार्ट भिंतीवर लावतात, उजवा भाग पुठ्ठ्यानं झाकतात आणि विचारतात, आता भाव वर की खाली? आम्ही पंधरा जण पट्टी-पेन्सिल घेऊन उत्तर लिहितो. मग पुठ्ठा बोटभर सरकतो. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत हेच. डोळे मिटले तरी चढउतार दिसतात आणि माझे पाय टेबलाखाली हलत राहतात. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर आहे, तो म्हणाला की जरा ब्रेक दाब.

तुझी अडचण विसरलेलो नाही. दंतरुग्णालयाच्या डॉक्टरबाईंना वर्षभराच्या कामाचं होय-नाही कळवायचंय, आणि मी परत कवळ्या करायला बसणार असेन तरच तुला होय म्हणता येईल. २० तारखेपर्यंत नक्की सांगतो. तोवर थांब.

लोभ आहेच, तो थोडा ताणून धर.
तुझा,
भिंगरी


ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाइप मोजलेस हे वाचून बरं वाटलं, म्हणजे तब्येत ठीक आहे. तू दहा आठवडे एका जागी बसणार आहेस हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. उगीच हसायचे.

इथे प्लास्टरचे साचे मी ओतते, मेण लावते, दाढा बसवते. पुढचे दात मात्र तुझं काम. परवा पोस्टातल्या काकांची कवळी एकटीनं पुरी केली आणि आता ते बोलले की शिट्टी वाजते. दोनदा घासून दिली तरी तेच. ते म्हणाले की राहू दे, नात खूश आहे. तू असतास तर दात किती वळवायचा ते नुसतं बघून सांगितलं असतंस.

डॉक्टरबाई २० तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत. मोठ्या मशीनवाल्यांनी आपले दोन दवाखाने आधीच ओढून नेलेत. हे रुग्णालयही गेलं तर बाबांचं दुकान, जे आपण दोघं सोळा वर्षं चालवतोय, त्याचं शटर ओढावं लागेल. घाबरवायला लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

जेवत जा वेळेवर. लोभ आहे, पण उत्तर पाठव.
तुझी,
ताई


ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काकांची शिट्टी वाचून इतका हसलो की वर्गाबाहेर काढलं.

खोडरबराचं कोडं सुटलं. शेअर घ्यायच्या आधी चार्टवर एक रेघ ओढायची: भाव इथवर पडला तर तोटा सोसून निमूट बाहेर पडायचं. याला स्टॉपलॉस म्हणतात. एकदा ओढलेली रेघ हलवायची नाही, आणि सर म्हणतात की बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं पाळा. काल भाव माझ्या रेघेला टेकणार असं दिसताच मी थुंकी लावून ती पुसली आणि खाली नवी ओढली. सरांनी माझा कागद उजेडात धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं की ही कितवी. तिसरी होती. मान खाली घालून उभा राहिलो.

तरी चार्ट वाचायला मला जमतं, ताई. विसातले तेरा अंदाज बरोबर येतात. तुझ्या होय-नाहीला मात्र अजून पंधरा दिवस दे. ५ मार्चला मोठी परीक्षा आहे, त्याआधी काही बोलणं घाईचं होईल. तू गोड बोललीस की डॉक्टरबाई ऐकतात.

लोभाची मुदत वाढवून मिळावी.
तुझा,
भिंगरी


ता. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. १० मार्च ही शेवटची तारीख, असं त्यांनी माझ्यासमोर कॅलेंडरवर लिहिलं. दुसऱ्यांदा मुदत मागताना मला त्यांच्याकडे बघवेना. शाळेत तुझ्यासाठी मास्तरांकडे मीच जायचे, त्याची आठवण झाली.

दुकानात लक्ष लागत नाही. मेण तापत ठेवते आणि विसरते, सायकलची घंटा वाजली की पोस्टमन म्हणून दाराशी जाते. काल एक साचा हातातच तडकला. म्हणून सरळ विचारते, तुला परत यायचंय का? यायचं नसेल तर तसं लिही. मी चार दिवस रागावेन, मग ठीक होईन.

लोभ कुठे जात नाही, पण १० तारीख जाईल.
तुझी,
ताई


ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. अंदाज पुन्हा तेरा बरोबर, तरीही नापास, कारण पाच ठिकाणी रेघ हलवली. या वेळी पेन्सिलच इतकी हलकी फिरवली होती की दोन रेघांतली खरी कुठली ते मलाच कळेना. पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा आहे. इथे कुणालाच चैन नाही. ड्रायव्हरकाका जेवताना ताटाभोवतीही बोटानं रेघा ओढतात.

परत यायचं नाही असं थोडंच आहे. पण आत्ताच कसं सांगू? मार्चअखेर सगळं स्पष्ट होईल. तेवढं सांभाळून घे. नेहमी घेतेस.

लोभ असू दे.
भिंगरी


ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

काल डॉक्टरबाईंना होय सांगून आले. तुझ्या टेबलावर आजपासून एक बाई बसते. आधी एका दंतवैद्याकडे होती, पुढचे दात तिला येतात. तुझी सर नाही, पण आज ती नऊ म्हणजे नऊला हजर होती.

आधी २० फेब्रुवारी, मग ५ मार्च, आता मार्चअखेर. तुझ्या सरांना ही पत्रं दाखवली असती तर त्यांनी तीही उजेडात धरली असती.

वाईट वाटलं, फार वाटलं. तुझं टेबल पुसताना रडले. चार दिवसांत राग जाईल असं लिहिलं होतं, पण हा तेवढ्यात जाणारा दिसत नाही. तरी वाट बघणं थांबलं आणि काल बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले, हेही तुला कळायला हवं.

ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की दिवसभर वर्गात गेलो नाही.

मला कवळ्या करायच्या नाहीत. हे एवढं वाक्य लिहायला मला सोळा वर्षं लागली. बाबा गेले तेव्हा तू मला त्यांच्या खुर्चीत बसवलंस आणि तुझा चेहरा बघून मी बसलो. पुढचे दात छान जमायला लागले, त्यामुळे उठणं आणखी अवघड झालं. नाही म्हटलं तर तू एकटी पडशील आणि मला जायला घर उरणार नाही, ही भीती होती. म्हणून तारखा देत राहिलो. तुला दोनदा लोकांपुढे मान खाली घालायला लावली, ते माझ्या या भित्रेपणामुळे. माफ कर.

शेअरचंही खरं सांगतो. फेरपरीक्षेतही नापास झालो. सर म्हणाले की नजर आहे, पण बूड स्थिर नाही, खऱ्या बाजारात उतरू नकोस. मग त्यांनी विचारलं की नव्या तुकडीसाठी जुने चार्ट काढून द्यायचं काम करशील का. विचार करून सांगतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते गिळलं आणि तिथल्या तिथे होय म्हणालो. पोटापुरतं मिळेल.

त्या बाईंना माझी हत्यारं खुशाल वापरू दे. बारीक चाकूची मूठ थोडी ढिली आहे, तेवढं सांग.

एक विचारायचं आहे. सोळा वर्षं रोज सकाळी तुझ्या दारात आलो तो कामालाच. ट्रेनिंग संपलं की चार दिवस नुसता तुझा भाऊ म्हणून येऊ का?

उत्तराला मुदत नाही.
तुझा,
भिंगरी