चौदा दिवस पालथी

७ एप्रिल २००६, शुक्रवार

काल गोव्याहून घरी. डॉक्टरांनी वाचू नका म्हटलंय. लिहू नका म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, तो चिकटवला. आत गॅस भरलाय, तो पडद्याला दाबून धरणार. त्यासाठी चौदा दिवस तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, प्रार्थना करताना, सगळं पालथं. घाट चढायचा नाही, विमानात बसायचं नाही. जसं काय मी मालवण बाजारात रोज विमानानेच जाते.

डावा डोळा जन्माचा आळशी. त्याच्या भरवशावर सुईत दोरा जात नाही. म्हणजे उजवा राहिला तर मशीन राहिली, तीस वर्षांची टेलरीण राहिली. नाहीतर दुकानाला कुलूप. डॉक्टर म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही, तुमच्या मानेच्या हातात आहे.

वही खाली स्टुलावर, मी पलंगाच्या कडेवर लोंबतेय. स्केचपेनने लिंबाएवढी अक्षरं.

माझा नवरा जाकी म्हणतो, "जल्मभर मान वर करून वागलंस गो फिलू. देवान बरोबर जागा बगल्यान." हसू आलं. पालथं पडून हसलं की उशी नाकात जाते.

८ एप्रिल, शनि.

दिवसातून चार वेळा ड्रॉप. घालतो जाकी. पंचवीस वर्षं जहाजावर कुक, पन्नास माणसांचं रांधायचा, पण एक थेंब डोळ्यात जाईल तर शपथ. कानात, गालावर, उशीवर. हात थरथरतो बिचाऱ्याचा. मी ओरडले की जास्त थरथरतो.

संध्याकाळी नर्स घेऊन आला. "दवाखान्यातली बाई. सकाळ-सांज येतली."

तोंडाला फडकं बांधलेलं म्हणे, इन्फेक्शन नको म्हणून. मला कुठे तोंड दिसणार! पाय दिसले. साडीचा काठ, बोटांत जोडवी. हिंदू, लग्न झालेली. बोलणं एकदम शुद्ध, ऑफिसातल्यासारखं. "मान जरा वळवा. डोळा मिटू नका. झालं." हात हलका. पहिल्या झटक्यात थेंब आत. देव बरें करूं.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चची मिस्सा चुकली. शाळेत असल्यापासून पहिल्यांदा झावळ्यांचा रविवार चुकला. जा.ने झावळीचा क्रूस आणून जमिनीवर ठेवला, मला दिसेल असा. वरून शेजारच्या शालनच्या मांजराने तो पळवला. मांजर पण येशूच्या स्वागताला निघालं.

११ एप्रिल

तीस वर्षं ह्या गावाचे खांदे, छाती, कंबर मापली. पायांशी कधी संबंध नव्हता. आता पायच पाय. जा.चे फताडे, अंगठा एकीकडे, बाकीची बोटं दुसरीकडे. शालन मासे विकून तशीच आली, घोट्याला खवलं चिकटलेलं. चौकशी केली, दोन सुरमईच्या तुकड्या ठेवून गेली. कोण आलं ते बोलायच्या आधी ओळखते. नर्सचे मात्र पाय बघून कोण ते कळत नाही, आणि कळल्यासारखं वाटतं. भलतंच.

तिच्याशी गजाली करते. ती फार बोलत नाही म्हणून मी जास्त बोलते. मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलीय त्याबद्दल विचारलं तिने. मग सांगितलं, पोरीचा पहिल्या कम्युनियनचा झगा मी शिवला होता, पांढरा, अख्ख्या चर्चमध्ये तसा कोणाचा नव्हता. "तुमची मुलगी?" म्हणाली. बहिणीची, म्हटलं. बहीण गेली, मी वाढवली. "आता कुठे असते?" म्हटलं, माका म्हायत नाय.

कापूस गुंडाळत बसली किती तरी वेळ. तेवढ्यात दोन पेशंट झाले असते तिचे.

१३ एप्रिल, पवित्र गुरुवार

फादर कम्युनियनचा प्रसाद घेऊन आले. वसईकडचे, पोरगेलेसेच. डाव्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर. म्हटलं, फादर, आज संध्याकाळी येशूसारखे बाराजणांचे पाय धुणार, आधी स्वतःच्या मोज्याकडे बघा. खूप हसले.

विचारलं त्यांना, मग्दालिया मरियाने कबरीतून उठलेल्या येशूला माळी कसं समजलं? रोज ज्याच्या मागे फिरली त्याला? मी असते तर लांबून चालीवरून ओळखला असता.

ते म्हणाले, "डोळे आपण उघडत नाही फिलूबाय, ते उघडले जातात. आपण फक्त तिथे असायचं."

म्हटलं, माझे डोळे गोव्याच्या डॉक्टरने उघडले, मग बंद केले, आणि मला उलटी टांगली. पुन्हा हसले. पण वाक्य राहिलंय डोक्यात.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे

मान मोडून गेली. पाठ, खांदे, सगळं. आज कोणावर ओरडायचं नाही ठरवलं होतं. दुपारी बारापर्यंत टिकलं.

सुट्टी असून नर्स आली. आणि काय झालं मला कोण जाणे, तिला सगळं सांगितलं. नऊ वर्षांत फादरपुढच्या कबुलीजबाबातसुद्धा धड सांगितलं नव्हतं ते. पोरीने बाजारातल्या हिंदू पोराशी कोर्टात लग्न ठरवलं. तरी ड्रेस माझ्याकडूनच हवा म्हणून कापड घेऊन आली, पांढरं सॅटीन. मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, ह्या हातांनी तुझो ड्रेस शिवचंय नाय. कापड गुंडाळून गेली ती गेलीच. त्या दिवसापासून ह्या घरात तिचं नाव काढायचं नाही. ह्या वहीतसुद्धा नाही काढलं.

नर्स म्हणाली, "तुमची काहीच चूक नव्हती का?"

काय हिंमत! म्हटलं, तू ड्रॉप घाल बाई.

घातला. ड्रॉप थंडगार असतो, फ्रिजमधला. मग कानावर आणखी काही पडलं, ते गरम होतं. घाम असेल. उकाडा केवढा आहे.

तीन वाजता जा. खाली जमिनीवर बसून क्रूसाच्या वाटेची प्रार्थना म्हणाला, मला ऐकू येईल अशी. आवाज फाटका, पण चौदाही स्थानं म्हणाला. देव बरें करूं ह्या माणसाचं.

१६ एप्रिल, ईस्टर

नीट लिहायला हवं.

सकाळी जा. मिस्सेहून आला, पाव नि गोड खीर घेऊन. मी पालथ्याने स्वतःच्या हातानेच खाणार म्हणून हट्ट केला आणि खिरीची वाटी सांडली. नर्स होतीच. तिने फडकं घेतलं, साडी वर खोचली, पुसायला बसली.

उजव्या पायावर, घोट्याच्या वर चार बोटं, त्रिकोणी डाग. इस्त्रीच्या टोकाचा.

ती आठ वर्षांची होती. कोळशाची इस्त्री टेबलाच्या कडेला मी ठेवली होती. मी. तिला उचलून डॉक्टरकडे धावले होते अनवाणी.

म्हटलं, "लेना?"

फडकं थांबलं.

"व्हय गो, मावशे."

शुद्ध भाषा गेली कुठच्या कुठे. आठ दिवसांत पहिल्यांदा आमच्या भाषेत बोलली, आणि तो आवाज! मी उठायला गेले तर किंचाळली, "मान वर करू नको! मावशे, पडदो सुटात!"

आता काय करायचं? नऊ वर्षांनी पोरगी हातभर अंतरावर आणि मान वर करायची नाही. मी रडायला लागले, तर म्हणते रडू पण नको. तेव्हा तिने काय केलं, स्टूल बाजूला सारलं, फडकं सोडलं, आणि त्या खिरीतच, साडीसकट, उताणी पडून सरकत माझ्या तोंडाखाली आली. गाडीखाली मेकॅनिक जातो तशी. खाली लेनाचं तोंड, वर माझं. वीतभर अंतर. आळशी डोळ्याला तेवढंच जवळचं दिसतं. गाल भरलेत. नाक तसंच, बहिणीचं.

माझं पाणी तिच्या तोंडावर पडत होतं. म्हणाली, "वायच उगी रव, माझ्या डोळ्यात ड्रॉप घालतंस."

दोघी हसलो. जा. दारात उभा राहून हुंदके देत होता, वयाला न शोभणारे.

देवा, मी तुला काय म्हणू? बरें करूं कोणी कोणाचं करायचं? तूच तुझं कर.

१७ एप्रिल

जा.ला फैलावर घेतलं. "मेल्या, माका फसवलंस!"

"तूच म्हटललंस तिचा नाव घरात काढू नको. मी खंय काढलंय? मी बाई म्हटलंय."

सहा महिने झाले ती इथल्या दवाखान्यात बदलून येऊन. ह्याला माहीत. शालनला माहीत. शालनच्या मांजराला पण माहीत असणार.

पण एक विचारते स्वतःलाच, फादर पण नकोत मधे. मला खरंच कळलं नव्हतं? हाताचा हलकेपणा, कापूस गुंडाळायची पद्धत, ती मीच शिकवलेली, दोरा गुंडाळायची. गुड फ्रायडेला तिच्यापुढेच कशी बोलले ते सगळं? उठलेल्या येशूने तळ्याकाठी मासे भाजले तेव्हा शिष्यांपैकी कोणालाच विचारायची छाती झाली नाही, तू कोण म्हणून, कारण त्यांना ठाऊक होतं. आजवर बायबलातलं ते वाक्य मला चुकीचं वाटायचं. ठाऊक असेल तर छाती कशाला लागते? आता वाटतं, ठाऊक असलं की जास्तच लागते. विचारलं असतं तर ओळखावं लागलं असतं. मग कात्रीचं पण बोलावं लागलं असतं.

ते अजून बोललेलो नाही.

२० एप्रिल

गोवा. डॉक्टर म्हणाले, पडदा सध्या जागेवर आहे. सध्या. दोन महिने थांबा, मग चष्मा, मग सुईचं बघू. मान वर करायची परवानगी. वर केली तर भिंतीवर पंखा होता, त्याच्याकडेच बघत बसले. डोळ्यात अर्ध्यावर पाण्याची रेघ, हलते. खाली गॅस, वर उजेड, गंमतच आहे. सगळं धुरकट.

दिसेल की नाही ते माहीत नाही. चौदा दिवस मिळाले. बरें करूं.

२३ एप्रिल, रविवार

आजचं शुभवर्तमान जखमा बघितल्याशिवाय न मानणाऱ्या थोमाचं, लेनाने घरी वाचून दाखवलं. टेलरीण म्हणून मला एक गोष्ट कळली. देवबापाने येशूला मेलेल्यातून उठवला, नवं शरीर दिलं, बंद दारातून आत येणारं. मग हातांची भोकं तेवढी रफू करायला काय झालं होतं? मी असते तर पहिलं तेच केलं असतं, कोणाला दिसणार नाही असं. त्याने नाही केली. उघडी ठेवली आणि दाखवली.

लेनाला म्हटलं, "तुझ्या पायाचो डाग माका बगूक दी."

दिला. हात फिरवला. मग कात्रीबद्दल बोलले. माफ कर म्हटलं, सरळ, मान वर करून. ती म्हणाली, "माका म्हायत आसा." माफ केलं असं म्हणाली नाही. मी पण विचारलं नाही पुन्हा.

२६ एप्रिल

तिला न्यायला तो येतो संध्याकाळी. तिचा नवरा, सुहास. मोटरसायकल वाटेच्या तोंडावर थांबवतो, आत येत नाही. म्हटलं, कित्याक? लेना म्हणाली, "तू बोलवल्याशिवाय तो येवचो नाय. नव वर्सां झाली, त्याका पण मन आसा."

मी म्हटलं, माका जमाचा नाय. खरं ते सांगितलं. पोरीला जवळ घेणं वेगळं, ती माझीच. त्याच्यावर नऊ वर्षं जे साठवलंय ते एका ईस्टरने धुऊन जात नाही.

लेनाने बाटली उघडली. ड्रॉप घातला. थंडगार.

३० एप्रिल, रविवार

जा.चा हात धरून चर्चला. पहिलं वाचन माझं होतं यादीत, दुसऱ्या कोणी तरी वाचलं. शुभवर्तमान फादरनी वाचलं. येशू येऊन उभा राहतो, शिष्यांना भूत वाटतं, आणि तो म्हणतो, माझे हात बघा, माझे पाय बघा. मी मोठ्याने हसले. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. जा.ने कोपर मारलं. चाळीस वर्षं ऐकतेय, कधी वाटलं नाही की ओळख द्यायला पाय का दाखवायचे.

रेघ आता खाली गेलीय, गॅसचा गोटीएवढा बुडबुडा राहिलाय. त्याच्यापलीकडे माणसं दिसतात, तोंडं नाहीत.

संध्याकाळी लेना ड्रॉप घालून चपला घालत होती. मी तिला म्हटलं, वायच थांब. काठी घेतली नि एकटीच निघाले. जा. मागे येत होता, त्याला थांबवला. वाट ओळखीची, पायांना ठाऊक. दिवस कलला होता. वाटेच्या तोंडावर कोणी तरी काळं, उंच, गाडीवर बसलेलं. इंजिन चालूच.

"कोण ता?"

"मी सुहास. लेनाला न्यायला आलोय." शुद्ध. ऑफिसातलं.

काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, तो सगळा धागा निसटला. म्हटलं, "जेवक रव."

"काय म्हणालात?"

"बहिरो आसस काय? जाकीन मासे तळल्यान. जेवक रव म्हणतंय."

मी काठीवर. त्याचं तोंड कसं आहे ते मला आज पण ठाऊक नाही.

मग त्याने विचारलं, हळू, आणि आमच्या भाषेत विचारलं, "मी घरात इलंय तर तुमका चलात?"

"माका म्हायत नाय," म्हटलं. खोटं कशाला बोलू. "पण तू ये."

इंजिन बंद झालं.