एकोणिसाव्या पाठाची व्यवस्था

मी, रुपराव नत्थूजी लांजेवार, वय अठ्ठावन्न, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार वाडी, नागपूर, शरीराने धडधाकट आणि बुद्धीने शुद्धीत असून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. प्रथम एक तक्रार. माझ्या 'घरबसल्या संस्कृत'चा दुसरा भाग कागदटंचाईच्या साली तळहाताएवढा छापला गेला. पहिला आणि तिसरा वीतभर उंच. तिघांना फळीवर उभे केले की मधला मागे दडतो आणि अमरावती रोडवरून ट्रक गेला की खाली पडतो. ग्रंथकर्त्याची याहून मोठी अवहेलना माझ्या पाहण्यात नाही.

१. दोन खोल्या, भांडीकुंडी व शिलाई मशीन पत्नी सौ. कुसुमताई हिची. मशीन आधीपासून तिचीच आहे. कागदावर असावी म्हणून लिहिली.

२. पहिल्या भागाच्या शिल्लक प्रती मुद्रक ओमप्रकाश यांना. तो भाग त्यांनी चार वेळा छापला, दुसरा एकदाच. कारण विचारले तर म्हणाले, "गुरुजी, शिकाले सारेच बसते, अन् उठते बी सारेच. दुसरा कोणी मांगतच नाही." पुढे दुसऱ्या भागाचे न शिवलेले फर्मे, म्हणजे छापील ताव, त्यांनी मला न विचारता काटोलच्या संत्रेवाल्यांना रद्दीत दिले. मी त्यांना क्षमा केली आहे. ही क्षमा माझ्या वारसांवर बंधनकारक नाही.

३. दुसऱ्या भागाची माझी स्वतःची प्रत एका शिष्याने नेली ती नेलीच. म्हणून मी काटोल गाठले. पेट्यांच्या तळाशी माझे पाठ अंथरलेले होते. सुटी पाने कोणी देईना, तेव्हा पेट्याच आणल्या. कुसुमताई दारातच म्हणाली, "अजी, लोक संत्र्यासाठी कागद आणते, तुमी कागदासाठी संत्री आणून राहिले." आठवडाभर शेजाऱ्यांनी संत्री खाल्ली, मी पाने जुळवली आणि बांधणीवाल्या गिरिधरने ती शिवली. पाठ चोवीस, त्यांत एकोणिसावा मिळाला नाही.

४. ही प्रत कळमना बाजारात कांदे विकणाऱ्या प्रयागबाई यांना द्यावी. पहिला भाग संपवून दुसरा मागायला आलेल्या त्या एकट्याच. प्रत घराबाहेर न्यायची नाही, असा माझा नियम. म्हणून त्या दर सोमवारी इथे बसून एक पाठ वहीत उतरवतात. अठरा झाले. माझ्यामागे नियम रद्द समजावा. पुस्तक त्यांच्या बटव्यात मावेल, तेवढा तरी त्या आकाराचा उपयोग.

५. एकोणिसावा पाठ मी नव्याने लिहून जोडणार आहे. मागच्या सोमवारी प्रयागबाईंनी विचारले, तो कधी मिळेल. मी म्हटले, पुढच्या सोमवारी. त्यांनी वही मिटली आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, हे तुमी तीन सोमवारांपासून सांगून राहिले." मला एकदाच सांगितल्याचे आठवते.

आज सोमवार आहे. वर बुद्धीने शुद्धीत असे लिहिले, ते आजच्यापुरते खरे धरावे. तो पाठ मीच लिहिला होता. रोज सकाळी कोरा कागद घेऊन बसतो, आणि त्यात काय होते ते आठवत नाही. उद्या अठरावाही आठवला नाही तर, याची मला भीती वाटते. कुसुमताईला हे अजून सांगितलेले नाही.

(सही) रुपराव नत्थूजी लांजेवार

आमच्यादेखत सही झाली:
गिरिधर, पुस्तकबांधणीवाले
यमुताई, शेजारी

वाडी, नागपूर
९ नोव्हेंबर १९८७